अंधार दिसतो तो कसा?

प्रश्न : 'तुंबाड' थिएटरात दुसऱ्यांदा लागला तेव्हा पाहिला. आमचं गाव मार्कंडा. देवळाच्या आत अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलने फोटो काढायला गेलो की नुसता करडा, दाणेदार चिखल हाती येतो. सिनेमात मात्र त्याहून गडद अंधारात साखळीने बांधलेल्या म्हातारीची सुरकुती न् सुरकुती दिसते, आणि तरी ती खोली अंधारीच वाटते. हे कसं साधतात? आणि असा अंधार टिपणारा कॅमेरावाला कोण? हिरोचं नाव सगळे घेतात, याचं कुणी घेत नाही.
— एक वाचक, मार्कंडा (ता. चामोर्शी, जि. गडचिरोली)

उत्तर : आधी नाव सांगतो, कारण तुमची तक्रार रास्त आहे. 'तुंबाड'चे छायाचित्रकार पंकज कुमार. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले. 'शिप ऑफ थिसियस', 'हैदर', 'तलवार', 'तुंबाड', 'जजमेंटल है क्या' या चित्रपटांची यादी वाचलीत तर लक्षात येईल, की हा माणूस सतत माणसाच्या मनातल्या अडगळीच्या खोल्यांत कॅमेरा घेऊन फिरतो आहे. लोभ, संशय, सूड, भ्रम हेच त्याचे विषय. 'शिप ऑफ थिसियस'च्या छायाचित्रणासाठी २०१२ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यांना पुरस्कार मिळाला, 'तुंबाड'साठी २०१९ मध्ये फिल्मफेअर मिळालं. तरी पोस्टरवर त्यांचं नाव शोधायला भिंग लागतं. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं आपल्याकडे असंच चालतं.

आता तुमच्या मोबाइलचा प्रश्न. दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा उजेड साधारण एक लाख लक्स असतो. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर असतो एक लक्स. दोन मीटरवर गेलात तर तो निम्मा होत नाही, पाव होतो. तीन मीटरवर नववा हिस्सा. म्हणजे समईजवळची पिंड उजळलेली असते आणि तिथून चार पावलांवरचा कोपरा जवळजवळ शून्यात गेलेला असतो. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा. त्याच्यावर पुरेसा उजेड पडला नाही की फोन आतल्या आत आवाज वाढवल्यासारखा संकेत वाढवतो, आणि संकेताबरोबर खरखरही वाढते. तीच तुम्हाला दाणेदार चिखल म्हणून दिसते. फोटोसाठी फोनला निदान सेकंदभर थांबता तरी येतं. सिनेमाला तीही मुभा नाही. सेकंदाला २४ चित्रं घ्यायची असतात आणि एका चित्राच्या वाट्याला साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग येतो. तेवढ्यात जो उजेड आत आला तो आला.

मग तुमच्या डोळ्यांना आत दिसतं कसं? कारण डोळा वेळ घेतो. उजेडातून अंधारात आल्यावर आधी बाहुली मोठी होते, ते काम काही सेकंदांचं. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी अंधाराला पूर्ण रुळायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. आणि इथेच तुमचं देऊळ कामाला येतं. वैनगंगेच्या काठावर भर उन्हात उभे आहात. तिथून मंडपात शिरता. तिथे खांबांमधून बाजूचा उजेड येतो, डोळे मिटमिटतात पण मूर्तींचे चेहरे दिसतात. पुढे मंडप आणि गाभारा यांच्या मधलं अंतराळ, तिथे उजेड फक्त पाठीमागून. मग उंबरठा आणि गाभारा. देवळाची रचनाच अशी, की माणूस अंधारात एकदम पडत नाही, पायरीपायरीने उतरतो. मंडपात दोन घटका टेकून मग आत गेलात तर जे दिसेल, ते तरातरा थेट आत गेल्यावर दिसणार नाही. करून पाहा.

चांगला छायाचित्रकार नेमकं हेच करतो. तो अंधार दाखवत नाही, तुम्हाला अंधारात उतरवतो. माझ्या मते 'तुंबाड'ची सगळी मोहिनी या उतरण्यात आहे. चित्रपटाच्या पायऱ्या मोजा. पहिली पायरी पावसाळी आभाळाखालचं तुंबाड. दुसरी वाड्याची पडवी आणि माजघर. तिसरी म्हातारीची खोली. चौथी विहीर. पाचवी देवीचा गर्भ. प्रत्येक पायरीवर थोडा उजेड काढून घेतला आहे आणि डोळ्याला रुळायला थोडा वेळ दिला आहे. नायक विनायक दोरावरून गर्भात उतरतो तोवर आपले डोळे त्याच्यासारखेच अंधाराला सरावलेले असतात, म्हणून तिथला एवढासा उजेड पुरतो. तोच प्रसंग चित्रपटाच्या पहिल्या मिनिटाला दाखवला असता तर थिएटरात निम्म्या लोकांनी 'प्रोजेक्टर बिघडला' म्हणून ओरडा केला असता.

पहिल्या पायरीकडे जरा नीट बघा. 'तुंबाड'च्या गावात ऊन पडतच नाही. गोष्ट १९१८ साली सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत येते, पण तुंबाडवरचं आभाळ तेच, ओलंकच्च. हा परिणाम मिळवायला दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि पंकज कुमार यांना पावसाळ्याची वाट पाहत राहावं लागलं. एक पावसाळा संपला की काम थांबायचं, पुन्हा पुढचा पावसाळा. २०१२ मध्ये सुरू झालेलं चित्रीकरण या ना त्या कारणाने रखडत, काही भाग नव्याने करत, काही वर्षं चाललं. ढगाळ आभाळाचा फायदा असा की सगळं आभाळच एक मोठा दिवा होतं. सावल्या पुसल्या जातात, वेळ कळत नाही, सकाळ की संध्याकाळ सांगता येत नाही. ज्या गावात वेळच कळत नाही तिथे काहीतरी शाप आहे हे प्रेक्षकाला संवादातून सांगावं लागत नाही. अडचण अशी की पावसाची धार कॅमेऱ्यात उमटायला तिच्या मागून उजेड लागतो. समोरून उजेड पडला तर मुसळधार पाऊससुद्धा कॅमेऱ्याला कोरडा दिसतो. भातलावणीच्या दिवसांत मोबाइलवर पाऊस टिपायचा प्रयत्न केला असेल तर हा अनुभव तुम्हाला असेलच.

पुढची पायरी वाड्याची. वाड्याचे काही प्रसंग सासवडच्या पुरंदरे वाड्यात घेतलेले. इथे छायाचित्रणाचा जुना नियम दिसतो. उजेड कुठून येतो आहे हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे. कंदील चौकटीत दिसला पाहिजे, खिडकीची दिशा लक्षात राहिली पाहिजे. एकदा ते पटलं की छायाचित्रकार चोरून कितीही मदत घेऊ शकतो. कंदिलाच्या दिशेनेच, पण चौकटीबाहेरून, मंद पिवळा दिवा लावायचा. थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून चेहऱ्याच्या दुसऱ्या गालावर उजेडाची नुसती फुंकर टाकायची. आणि भिंतीवर सांडणारा उजेड काळ्या कटरने, म्हणजे उजेड अडवणाऱ्या काळ्या तक्त्याने, कापून टाकायचा. तुमच्या प्रश्नाचं मर्म या कापण्यात आहे. म्हातारीची सुरकुती दिसते कारण तिच्या चेहऱ्याच्या कडेला तिरका उजेड आहे. तिरक्या उजेडात प्रत्येक घडीची स्वतःची सावली पडते. मार्कंड्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती दुपारी बाराला सपाट दिसतात आणि ऊन कललं की त्यांच्या अंगावरचे दागिने वर येतात, ते याच कारणाने. आणि खोली अंधारी वाटते, कारण म्हातारीच्या मागची भिंत मुद्दाम काळी सोडली आहे. पडद्याचा मोठा भाग खरोखर काळा असला की उरलेला छोटा भाग कितीही स्पष्ट दिसला तरी मन म्हणतं, इथे अंधार आहे. नवखा माणूस भिंतीवरही थोडा उजेड टाकून 'सगळं दिसावं' म्हणून धडपडतो, आणि अंधार करडा होऊन जातो. तोच तुमचा चिखल.

शेवटची पायरी गर्भ. तिथे लाल रंग आहे, ओला, मांसल. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत. जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूममध्ये काम केलेल्या माणसाला विचारा, लाल दिव्यात वावरलं तरी डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही. एकसारख्या लाल उजेडात वस्तू दिसतात पण त्यांची खोली नीट कळत नाही, भिंत हाताच्या अंतरावर आहे की दहा हातांवर हे सांगता येत नाही. पिठाच्या रिंगणात बसलेला विनायक, त्याच्या हातातली पिठाची बाहुली आणि रिंगणाबाहेर किती जागा आहे हे न कळणं, भीती त्या न कळण्यात आहे. सोन्याचा लोभी शापित देव हस्तर दिसतो तेव्हा भीती थोडी कमीच होते.

पण हा सगळा खटाटोप भुताच्या गोष्टीसाठी नाही. 'तुंबाड' लोभाची गोष्ट आहे. विनायकच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो बहुधा खालून किंवा बाजूने, हातातल्या दिव्याचा असतो. त्याला हवं ते सोनं त्या उजेडात चमकतं, आणि त्याचं स्वतःचं काय होतं आहे ते मात्र त्याच्या पाठीमागच्या काळोखात राहतं. जे पाहायचं नाही त्याच्यावर माणूस स्वतःच दिवा धरत नाही. मानसशास्त्रावरची जाड पुस्तकं जे सांगतात ते पंकज कुमार दिवा कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, यातून सांगतात.

तुम्ही त्यांचे बाकीचे चित्रपट पाहावेत म्हणून थोडक्यात सांगतो. आनंद गांधी यांच्या 'शिप ऑफ थिसियस'मध्ये एक आंधळी छायाचित्रकार आहे. आवाजाच्या आणि स्पर्शाच्या अंदाजाने ती सुरेख फोटो काढते. नेत्ररोपणानंतर तिला दिसायला लागतं आणि तिची कला हरवते. त्याच चित्रपटाच्या शेवटी एका गुहेतलं चित्रण आहे. दिवा घेऊन गुहेत फिरणाऱ्या माणसाची फक्त सावली भिंतीवरून सरकत राहते. ज्यांच्या शरीरात त्याचे अवयव आहेत ती माणसं ते पाहत बसलेली असतात. गाभाऱ्याचा फोटो न आल्याने हिरमुसलेल्या माणसाने हा शेवट जरूर पाहावा. यात शेअर दलालाची भूमिका करणारे सोहम शाह हेच पुढे 'तुंबाड'चे नायक आणि निर्माते.

'हैदर'मध्ये (२०१४) तर पंकज कुमारांनी उलटी चाल खेळली. काश्मीरचा हिवाळा, सगळीकडे पांढरा बर्फ, आणि तरी चित्रपट काळाकुट्ट वाटतो. नायकाच्या मनातला कोलाहल पांढऱ्या पडद्यावर शाईच्या डागासारखा उठून दिसतो. त्यातलं बापाच्या खुनाचं सोंग वठवणारं गाणं काश्मीरच्या मार्तंड सूर्यमंदिराच्या पडक्या प्रांगणात चित्रित झालं आहे. मार्कंड्याच्या माणसाला पडक्या देवळाचं वजन समजावून सांगायची गरज नाही. मेघना गुलजार यांच्या 'तलवार'मध्ये (२०१५) तोच फ्लॅट, त्याच खोल्या, तीच रात्र वेगवेगळ्या तपासकर्त्यांच्या नजरेतून पुन्हा पुन्हा घडते. छायाचित्रकाराला प्रत्येक खेपेला तीच जागा दाखवायची आहे, पण दर वेळी दुसरं कुणीतरी दोषी वाटलं पाहिजे. 'जजमेंटल है क्या' (२०१९) मध्ये मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या नायिकेच्या भोवती काळोखाऐवजी भडक रंग आहेत. मनाची घालमेल दरवेळी काळ्याच रंगात असते असं थोडंच आहे?

आणि एक गोष्ट तुमच्या भागाची. 'तुंबाड'चं बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे. बर्वे यांना ती गोष्ट १९९३ साली एका मित्राने सांगितली आणि ते हादरून गेले, आणि ती सांगितली गेली नागझिऱ्याच्या अभयारण्यात. तुमच्या झाडीपट्टीतल्याच जंगलात. नाव मात्र त्यांनी कोकणातून, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधून घेतलं.

प्रश्न : हे सगळं आजच्या कॅमेऱ्यांमुळे जमतं, असं आमचा मुलगा म्हणतो. जुन्या मराठी सिनेमात असं काही होतं का?
— चामोर्शी

उत्तर : मुलाला 'प्रभात' फिल्म कंपनीचे चित्रपट दाखवा. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये बळी देण्यासाठी पेटून उठलेल्या राजगुरूचा डोळा पडदाभर येतो. मराठी आवृत्तीत हा राजगुरू केशवराव दाते होते, हिंदीत चंद्रमोहन. दुरून, लांब पल्ल्याच्या टेलिफोटो भिंगाने तो डोळा जवळ ओढून घेतला होता. छायाचित्रकार होते केशवराव धायबर, 'प्रभात'च्या पाच संस्थापकांपैकी एक. त्या एका डोळ्यात राजगुरूचं सगळं वेड मावतं.

त्यानंतर 'प्रभात'च्या कॅमेऱ्यावर व्ही. अवधूत आले. 'संत तुकाराम' (१९३६) त्यांनी चित्रित केला, आणि पुढच्याच वर्षी 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा त्यांना नवरा म्हणून मानत नाही. काकासाहेब पुन्हा केशवराव दातेच. अवधूतांनी इथे राजगुरूसारखा एक डोळा दाखवला नाही, आरसा दाखवला. म्हातारपण लपवायला निघालेल्या काकासाहेबांना फुटलेल्या आरशात स्वतःचे अनेक तुकडे दिसतात. त्यांचंच तोंड त्यांना हसतं. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाजच ऐकू येतात, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा. आवाजाचा आधार नसला की सगळा भार चेहऱ्यावर आणि उजेडावर येतो.

'माणूस' (१९३९) हाही अवधूतांचाच. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची ही गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. रात्रीचे रस्ते, छाप्यात सापडलेली माणसं, दारूच्या नशेत उभा राहिलेला गणपत. नंतरच्या काळात अमेरिकेतून आलेल्या ज्या गुन्हेगारी चित्रपटांच्या सावल्यांचं जग कौतुक करतं, त्यांच्या ऐन बहराच्या आधी पुण्यात हे काम झालं होतं.

आणि मराठीच्या पलीकडे मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, जोसेफ विर्शिंग नावाचा जर्मन छायाचित्रकार होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्याला इथेच नजरकैदेत राहावं लागलं. सुटल्यावर १९४९ मध्ये त्याने 'महल' चित्रित केला. कमाल अमरोही यांचा चित्रपट, अशोक कुमार, मधुबाला, आणि लता मंगेशकरांना घराघरात नेणारं गाणं. 'महल'मध्ये भूत नाही, भुताचा ध्यास आहे. नायक वाड्यात जे पाहतो ते खरं की त्याच्या मनातलं, हे सतत सावलीत ठेवलेलं आहे. पुढे 'पाकीजा'चं बरंच काम त्याने केलं, पण १९६७ मध्ये तो वारला. चित्रपट पडद्यावर आला १९७२ मध्ये.

तेव्हाची फिल्म आजच्या सेन्सरच्या मानाने फारच मंद होती. सेटवर एवढे दिवे लावावे लागत की नटांचा रंग घामाने उतरे. अंधार दाखवण्यासाठी आधी डोंगराएवढा उजेड आणायचा आणि मग त्यातला बहुतेक कापून टाकायचा. आजचा कॅमेरा त्यांचं ओझं हलकं करतो. डोकं मात्र तेव्हाइतकंच लागतं, हे मुलाला सांगा.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांना लाईट मारतो. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की गावोगावी रात्रभर उभा असतो. सिनेमातला छायाचित्रकार आणि आमच्यासारखा लाईटवाला यांत नेमका फरक काय?
— देसाईगंज (वडसा)

उत्तर : तुमचं काम अनेक अंगांनी जास्त अवघड आहे. तुम्हाला रिटेक नाही. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला, रात्री त्याच गावात नाटक, समोर हजारो माणसं, आणि खलनायक एंट्रीला चुकला तरी दिवा चुकायला नको. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं, पण खलनायकाच्या तोंडावर लाल दिवा नेमक्या क्षणी टाकणाऱ्या माणसाला अजून कुणी ओळखत नाही. पहिल्या पत्रलेखकाची तक्रार तुम्हालाही लागू आहे.

फरक सांगायचा तर तो प्रेक्षकाच्या जागेचा. तुमचा प्रेक्षक एका जागी बसलेला आहे. पहिल्या रांगेतल्याला आणि झाडाच्या फांदीवर बसलेल्याला दोघांनाही भाव कळला पाहिजे, म्हणून तुम्ही उजेड मोठा, रंग ठळक ठेवता. छायाचित्रकाराचा प्रेक्षक कॅमेऱ्याबरोबर चालतो. तो नटाच्या नाकापाशी जाऊ शकतो, तिथे एक मेणबत्ती पुरते. शिवाय प्रसंग प्रत्येक कोनातून वेगळा चित्रित होतो, म्हणून एकाच संवादासाठी दिवे पाच वेळा हलवावे लागतात, आणि पाचही तुकडे जोडल्यावर एकच रात्र वाटली पाहिजे.

तुमच्याकडून छायाचित्रकाराने शिकावं असंही आहे. अंधारात बसलेल्या माणसांचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. कुठल्या क्षणी दिवा घालवला की सगळा मंडप गप्प होतो हे तुम्हाला त्या रात्री, त्याच क्षणी कळतं. छायाचित्रकाराला ते कळायला चित्रपट लागेपर्यंत थांबावं लागतं. 'तुंबाड'च्या बाबतीत तर वर्षानुवर्षं.

प्रश्न : घरी टीव्हीवर 'तुंबाड' लावला तर निम्मा सिनेमा काळाच दिसतो. टीव्ही खराब आहे की सिनेमा?
— मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही नाहीत, खोली उजेडाची आहे. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे उजेड नसलेला भाग. टीव्हीच्या काचेवर ट्यूबलाईट चमकली की तो भाग करडा होतो आणि त्यातले बारीक तपशील बुडतात. चार गोष्टी करा. रात्री पाहा. खोलीतला दिवा घालवा, किंवा टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा म्हणजे डोळे दुखणार नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर ते बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. दुकानात गिऱ्हाईकाचं लक्ष वेधायला भडक सेटिंग ठेवलेलं असतं, घरी त्याने सावल्या खाल्ल्या जातात. आणि नेट मंद असेल तर चित्र दाबून पाठवलं जातं. दाबताना पहिला बळी अंधाऱ्या भागाचा जातो, तिथे चौकोनी ठिपके दिसू लागतात. सिनेमा आधी डाउनलोड करून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

मोबाइलवर पाहणार असाल तर पडद्याची चमक वाढवू नका. ती वाढवली की बऱ्याच फोनांवर काळा रंग उजळतो, आणि अंधारात उतरण्याची सगळी मजा जाते.

प्रश्न : हे काम शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? पुण्यामुंबईला जाण्याआधी गावात काही करता येईल का?
— गडचिरोली

उत्तर : पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर छायाचित्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. योगायोग बघा, ही संस्था १९६० मध्ये उभी राहिली ती 'प्रभात'च्याच स्टुडिओच्या जागेवर. अवधूतांनी 'कुंकू' जिथे चित्रित केला, त्याच आवारात पंकज कुमार शिकले.

गावात मात्र आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. घरातली एक चिमणी किंवा पणती पेटवा, बाकी सगळे दिवे घालवा. समोर घरातलं कुणीतरी बसवा, आजी असेल तर उत्तम. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ज्योतीवर बोट दाबून धरा म्हणजे उजेडाचं माप तिथे पक्कं होईल, नाइट मोड बंद ठेवा. आता पणती आधी समोर, मग बाजूला, मग जरा मागे सरकवत एकेक फोटो घ्या. नंतर एक पांढरा पंचा दुसऱ्या बाजूला धरा आणि काळ्या घोंगडीने मागची भिंत झाका. एवढ्यावर तुम्हाला कळेल की त्याच चेहऱ्याला तुम्ही मायाळू करू शकता आणि भेसूरही. कुठला फोटो कशामुळे तसा झाला हे वहीत लिहून ठेवा. पणतीचं अंतर, दिशा, पंचा होता की नव्हता, सगळं.

मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत गेलात तर गर्दीत फोटोच्या मागे लागू नका. एरवीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि ऊन कलल्यावर असं तीनदा जाऊन एकाच मूर्तीचे तीन फोटो घ्या. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातली वास्तू आहे, तिथे फ्लॅश मारू नका, आणि आतले फोटो घेण्याआधी पुजाऱ्यांना आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. फ्लॅश नसला की नाइलाजाने तुम्हाला आहे तो उजेड वाचावा लागेल. प्रवेश परीक्षेत मुलाखत घेणारे साधारण हेच पाहतात, की समोरचा मुलगा उजेड वाचतो की नुसता कॅमेरा चालवतो. तीन फोटो आणि ती वही सोबत न्या.